‘दोन किलोचे पैसे, ताटात सव्वा किलो’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार भाऊ,

सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाजवळ आमच्याकडे मासोळी खाऊन गेलात, त्याचा तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार. सोबत लहान लेकरं होती, भुकेली होती, त्यांना ताटकळत बसावं लागलं, त्याची माफी मागतो. पावसाळ्यातला रविवार होता, मोर्शीकडून गाड्यांची रांग लागलेली तुम्हीही पाहिली. त्यात अकरा जण न कळवता आले की दोन कढयांवर वेळ लागणारच. दीड तास लागला, नाही म्हणत नाही.

पण ‘दोन किलोचे पैसे घेतले, ताटात सव्वा किलोही नव्हतं, हे लोक काटा मारतात’ असं जे लिहिलं, ते फार लागलं. उशीर झाला म्हणा, तिखट जास्त पडलं म्हणा, ऐकून घेईन. काटा मारतो म्हणू नका भाऊ. सिंभोऱ्यात धंदा करायचा आहे, रोज याच लोकांना तोंड दाखवायचं आहे.

आमच्याकडे मासोळी अख्खी तोलतात, अन् भाव त्या वजनाचा असतो. तुम्ही काट्याजवळच उभे होते. मी म्हटलं रोहू घ्या, तुकडे जास्त निघतील. तुम्हाला कटला आवडला, कारण तो दिसायला भरदार. कटल्याचं डोकंच मोठं असतं, हे भोयाचं पोरगंही सांगेल. तरी ठीक, गिऱ्हाइकाची पसंती. दोन किलोच्या वर थोडा भरला, वरचं धरलं नाही. मग वहिनी म्हणाल्या, डोकं नको, लेकरं घाबरतात. मी विचारलं, डोक्याचा रस्सा करून देऊ का? तेही नको.

आता हिशोब तुम्हीच करा. एवढ्या कटल्याचं डोकं कल्ल्यांसकट उडवलं की अर्धा किलो तिथेच जातं. खवले, पर, शेपूट, पोटातली सगळी घाण वेगळी. उरतं सव्वा किलोच्या आगेमागे, अन् तळताना तुकड्यातलं पाणी उडतं ते आणखी वेगळं. म्हणजे तुमचा अंदाज बरोबरच होता! संत्री घेऊन घरी गेल्यावर सालं वजनात का धरली म्हणून मोर्शीच्या बाजारात कोणी भांडायला येत नाही.

‘डोकं पण ठेवून घेतलं’ हेही वाचलं. ‘फेकून द्या’ हे शब्द तुमचे होते. फेकलं नाही हे खरं, आम्ही घरी रस्सा केला. चांगली वस्तू फेकायला हात धजत नाही.

बनवाई, म्हणजे मासोळी बनवून द्यायचे पैसे, वेगळी लागते हे काट्याच्या वरच लिहून ठेवलं आहे. अक्षर बारीक आहे म्हणता, तर मोठं करून घेऊ.

धरणाचे दरवाजे बंद होते, त्याचाही राग माझ्याच स्टारमधून कापला का? अप्पर वर्ध्याचे तेरा दरवाजे माझ्या गल्ल्यातून उघडत नाहीत. पावसाळ्यात कोणत्या तारखेला धरणात किती पाणी ठेवायचं हे ठरलेलं असतं, त्याच्या वर गेलं की जलसंपदावाले सोडतात. इथे ऊन असलं तरी वर मध्य प्रदेशात, मुलताईकडे जोरात झालं की पाणी येतं. तिकडे पाऊस नसला की इथे कितीही गर्दी होवो, दरवाजे खालीच. अन् हेच पाणी तुमच्या अमरावतीच्या नळाला येतं, ते गंमत म्हणून कसं सोडतील?

उद्धट म्हणालात. तुमच्यासोबतचे दोन पोरं हातात बाटली घेऊन पाण्याच्या बाजूच्या दगडांवरून खाली उतरत होते, म्हणून ओरडलो. त्या दगडांवर शेवाळ असतं, खाली गाळ, पाय सुटला की धरायला काही नाही. पुढच्या रविवारी कोणी उतरलं तर तेव्हाही ओरडणार, मग कोणी अर्धा स्टार दिला तरी चालेल.

आमचं वर्ष या पावसाळ्यातल्या रविवारांवर चालतं. काल नागपूरच्या एका ग्रुपने फोन केला अन् पहिलाच प्रश्न विचारला, ‘वजन बरोबर देता ना?’ याआधी असं कोणी विचारलं नव्हतं. बाकी वेळेचं म्हणाल तर आणखी एक शेगडी घ्यायचा विचार चालू आहे, बसायचंही काही करतो, जमेल तसं. येण्याआधी फोन केला तर मासोळी साफ करून ठेवता येते.

एक विनंती आहे. तुम्ही बिलाचा फोटो टाकला आहे, त्यात खालचा भाग दुमडलेला दिसतो. तो सरळ करून पुन्हा टाकाल का? त्याच ठिकाणी ‘कटला, डोकं नको’ असं लिहिलेलं आहे.