तळपायाची आग

रात्री दिवे मालवले की आमच्या खोलीत वाटाघाटी सुरू होतात. पंखा पाचवर की दोनवर, खिडकी उघडी की बंद, पांघरूण छातीपर्यंत की नाकापर्यंत. पंख्याचं बटण नवऱ्याच्या बाजूला आहे. लग्न ठरवताना माणसं पत्रिका बघतात, पगार बघतात. बटणाच्या बाजूला कोण झोपणार हे कुणी विचारत नाही. खोली एकच, हवा एकच, पण त्याच्या कपाळावर घाम असतो आणि माझे पाय नुकतेच फ्रीजमधून काढल्यासारखे.

हे पाय मी मुकाट्याने त्याच्या पोटऱ्यांना लावते. त्यावर तो जे बोलतो ते इथे देण्यासारखं नाही. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ते मी रोज रात्री याचि देही बघते. फक्त तळपाय माझे असतात आणि मस्तक त्याचं.

मग मी माझ्या पायांची बाजू मांडायला वाचन केलं, आणि विज्ञान चक्क माझ्या बाजूने निघालं. आपल्या शरीराच्या आतलं तापमान दिवसभर एकसारखं नसतं. संध्याकाळच्या सुमारास ते सगळ्यात वर असतं, मग हळूहळू उतरत पहाटे चार-पाचच्या आसपास तळ गाठतं. फरक जेमतेम एखाद्या अंशाचा. तेवढा ताप आला तर आपण थर्मामीटर झटकून परत लावतो, पण झोपेचा सगळा कारभार त्यावर चालतो. तापमान उताराला लागलं की डोळे मिटायला लागतात.

आता उतरायचं म्हणजे आतली उष्णता कुठून तरी बाहेर जायला हवी. ती जाते प्रामुख्याने तळहात आणि तळपायांतून. तिथल्या त्वचेखाली रक्तवाहिन्यांच्या खास जोडवाटा असतात. झोपेची वेळ झाली की त्या उघडतात, गरम रक्त त्वचेजवळ येतं आणि उष्णता हवेत निघून जाते. लहान मूल पेंगुळलं की त्याचे हात-पाय ऊबदार लागतात, ते याचमुळे. 1999 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये छापलं की हातापायांतल्या या वाहिन्या किती उघडल्या आहेत, त्यावरून माणूस किती लवकर झोपेल हे सगळ्यात चांगलं सांगता येतं. थोडक्यात, पाय गरम तर झोप लवकर. पाय गार म्हणजे वाहिन्या आवळलेल्या आणि उष्णता आत कोंडलेली.

“म्हणजे बघ,” मी म्हटलं, “पाय गार असलेली बाई आतून तापलेलीच असते.”

“हे कळायला संशोधन लागलं?” नवरा म्हणाला.

मोजे हा उपाय मला सगळ्यांनी सुचवून झाला आहे. मोजे उत्तम. झोप लागते. पण मध्यरात्री पाय भाजायला लागतात, झोपेतच ते ओरबाडून काढले जातात, आणि सकाळी एक पायथ्याशी सापडतो. दुसरा चादर धुवायला काढली की. दुसरा उपाय गरम पाण्याच्या आंघोळीचा. ऐकायला उलटा वाटतो, पण कारण तेच: गरम पाण्याने त्वचेतलं रक्त वाहतं होतं आणि नंतर शरीर झपाट्याने निवतं. झोपण्याच्या एक-दोन तास आधी, 40 ते 42 अंशांचं पाणी. अशी आंघोळ केलेली माणसं सरासरी दहा मिनिटं लवकर झोपतात. नवऱ्याने हिशोब केला: पाणी तापवा, आंघोळ करा, अंग पुसा, कपडे बदला, ओला टॉवेल कुणी वाळत घातला नाही यावरून भांडा, आणि एवढं करून दहा मिनिटं कमवा. मला उत्तर सुचलं नाही.

पहाटे चारला मात्र सत्तांतर होतं. रात्री एक पाय बाहेर टाकून राजासारखा पसरलेला हा मनुष्य तेव्हा स्वतःच्या तापमानाच्या तळाशी पोचलेला असतो. शिवाय रात्रीच्या उत्तरार्धात स्वप्नांची झोप जास्त, आणि त्या झोपेत मेंदू तापमानाचं नियंत्रण जवळजवळ सोडून देतो. धड कुडकुडता येत नाही की घाम गाळता येत नाही. मग तो आधार शोधतो. आधार म्हणजे माझं पांघरूण. मी कुठे नुकती ऊब धरलेली असते. पंखा बंद करायला मात्र उठणार नाही, कारण ती तत्त्वाची बाब.

यावर शास्त्राचा निकाल काय, तर काही नाही. 1938 साली नॅथॅनियल क्लाइटमन नावाचे शिकागोचे प्राध्यापक आणि त्यांचा तरुण विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन अमेरिकेतल्या मॅमथ केव्ह नावाच्या गुहेत 32 दिवस जाऊन राहिले. तिथे ना ऊन, ना सावली. बारा महिने सुमारे 12 अंश. त्यांनी दिवस 28 तासांचा धरला आणि अंगाचं तापमान मोजत बसले. रिचर्डसनचं शरीर नव्या वेळापत्रकाला सरावलं. क्लाइटमन यांचं तापमान जुन्या 24 तासांवरच हटून बसलं, आणि झोपेचा बोजवारा उडाला. म्हणजे गुहेत नेऊनसुद्धा दोन माणसांचं जमेना. आमचा तर पंखा आहे.

ही गोष्ट मी रात्री मोठ्या उत्साहाने सांगितली. नवरा म्हणाला, “बघ, मी रिचर्डसन. कुठेही जुळवून घेतो. तू क्लाइटमन.”

“चालेल,” मी म्हटलं. “ते 104 वर्षं जगले.”

त्याने मनातल्या मनात वजाबाकी केली असावी. थोड्या वेळाने अंधारातून आवाज आला, “तोपर्यंत हेच पाय?”