कडेवरचं पोर धरायचं का?

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सरांनी फळ्यावर 'यीस्ट पेशींची मोजणी' असं लिहिलं आणि मी मनात म्हटलं, चला, आज लवकर सुटका. मोजायचंच तर आहे!

न्यूबावर चेंबर म्हणजे एक जाड काच आणि तिच्यावर कोरलेली जाळी. मधला एक मिलिमीटरचा चौरस, त्यात 25 चौकोन, प्रत्येकात पुन्हा 16 घरं. वर खास जाड कव्हरस्लिप आणि खाली बरोबर 0.1 मिलिमीटर जागा. पिपेटचं टोक कडेला टेकवलं की थेंब आपला आपण आत शिरतो. माझा शिरला, तो थेट बाजूच्या खाचेत. पुसा, धुवा, पुन्हा टेकवा. तिसऱ्या खेपेला जमलं. मायक्रोस्कोपला डोळा लावला तर आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग काळ्याभोर किनारीचं, गोल गरगरीत, देखणं यीस्ट दिसलं. मी जर्नलात त्याचं चित्रही काढलं. सर म्हणाले, "छान आलाय हो बुडबुडा."

खरं यीस्ट सापडलं तेव्हा जत्रा भरलेली होती. कोपऱ्यातले चार आणि मधला एक असे पाच चौकोन मोजायचे. रेषेवर बसलेल्यांचं काय? वरच्या आणि डाव्या रेषेवरच्या पेशी आपल्या, खालच्या आणि उजव्या रेषेवरच्या शेजाऱ्याच्या. बांधावरच्या फणसाचा निकाल इतक्या झटपट लागता तर आमच्या दोन पिढ्या कोर्टात गेल्या नसत्या.

त्यात यीस्टला कळ्या फुटतात. कळी आईच्या निम्म्याहून मोठी असेल तर वेगळी धरायची, नाहीतर आईतच जमा. एसटीत पाच वर्षांखालचं पोर फुकट, तसं. पण कंडक्टरला पोराचं वय विचारता तरी येतं. मी 'एकशे बारा, एकशे तेरा' करत असताना पार्टनर म्हणायची, "अगं, खोडरबर आहे का?" की पुन्हा एकपासून.

माझे भरले 187. तिचे त्याच काचेवर 211. ती सगळी कडेवरची पोरं धरत होती, वर चारही रेषांवरच्या पेशी तिच्याच. चोवीसचा तर फरक, असं मला वाटलं. पण पाच चौकोनांचा आकडा 25साठी पाचाने गुणायचा, मग मिलिलिटरसाठी दहा हजाराने, आणि द्रावण दहापट पातळ केलेलं म्हणून पुन्हा दहाने. एक पेशी चुकली की पाच लाख! मिलिलिटरमागे आमच्यात एक कोटी वीस लाखांचा वाद होता.

हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापड दुकानदार लेव्हेनहूक स्वतःच्या भिंगांतून सूक्ष्म जीव बघायचा; त्याच्याकडे तर असली जाळीही नव्हती, तो वाळूच्या कणाशी ताडून बघायचा. 1679 साली त्याने कॉड माशाच्या शुक्ररसातले जीव दीडशे अब्ज ठरवले, आणि तुलनेसाठी सगळ्या पृथ्वीवर हॉलंडएवढी दाटी धरून माणसं काढली तेरा अब्जांहून जास्त. आज साडेतीनशे वर्षांनीही आपण तिथवर पोचलेलो नाही. मला तो माणूस फार जवळचा वाटतो.

पेशीची लांबी मोजणं तर मोजणीहून अवघड. आयपीसमधल्या, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगातल्या, पट्टीवर नुसत्या रेघा, त्यांची किंमत लेन्सगणिक बदलते. म्हणून खाली स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे बारीक पट्टी कोरलेली काच, ठेवून, एका मिलिमीटरचे शंभर भाग बघून, रेघेला रेघ जुळवायची. दहाच्या लेन्सला माझी एक रेघ दहा मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आली, चाळीसच्या लेन्सला अडीचची. पेशी बघितली चाळीसखाली, गुणलं दहाने. तीन रेघांचं साडेसात मायक्रॉनचं यीस्ट तीसचं झालं. सर म्हणाले, "हे यीस्ट आहे का उत्तप्पा?"

शेवटी आम्ही तह केला. सरासरी 199, म्हणजे मिलिलिटरला नऊ कोटी पंच्याण्णव लाख. दोघींनी जर्नलात सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि सरांसमोर ठेवलं.

सरांनी आकडा वाचला. "बरं. द्रावणात मिथिलीन ब्लू टाकलं होतंत ना? मेलेल्या पेशी निळ्या दिसतात. यातल्या जिवंत किती?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि धावत जाऊन मायक्रोस्कोपला डोळा लावला. भांडणात पाऊण तास गेला होता. थेंब वाळून गेला होता.