यादीसोबत दुरुस्तीचीही सोय हवी
वारसावास्तू जपणाऱ्या संस्थांवरील लेख वाचला; त्यात या संस्थांचे केलेले कौतुक रास्तच आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेली, देशभर वारसा जतनाचे काम करणारी इंटॅकसारखी संस्था आणि जुन्या इमारतींची यादी करून त्यांना संरक्षण देणारी मुंबईची १९९५ची वारसा नियमावली नसती, तर अनेक इमारती केव्हाच जमीनदोस्त झाल्या असत्या. मात्र गिरगावातील खोताची वाडी या जुन्या घरांच्या वस्तीकडे पाहिले, की ही मदत कुठे तोकडी पडते ते ध्यानात येते. तेथील लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने आणि कौलारू छपरे टिकवायची, तर पावसाळ्यापूर्वी कौले चाळणे, वाळवी लागलेले वासे बदलणे हा सारा खर्च बहुधा घरमालकाच्याच माथी येतो (आणि जाणते सुतार आता मिळतात कुठे?). म्हणून संस्थांनी वारसा यादीत इमारतीचे नाव घालून न थांबता अल्पव्याजी कर्ज व कुशल कारागीर यांसाठी महापालिकेकडे पाठपुरावा करावा, असे वाटते.