काम नसताना महालात

नवरा सोबत असताना बायको एकटीच गाव पाहायला निघाली म्हणजे दोघांत काहीतरी बिनसलंय, हा समज आमच्या नागपूरच्या नातेवाइकांत अजून पक्का आहे. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही दोघं नेदरलँड्समधल्या उट्रेख्तहून माहेरी गेलो होतो. एका सकाळी नवरा आईकडे पेपर वाचत बसला आणि मी शंकरनगरहून मेट्रोने चितार ओळीला उतरून पायी महालात, म्हणजे जुन्या नागपूरच्या वस्तीत, गेले. दुपारी परत येते तर मावशी आलेली. "काहून गं, जावई घरी बसले अन् तू एकटी गावभर फिरून राहिली? भांडण झालं का?"

भांडण नाही, हे कळल्यावर मामेभावाने पुढचं काढलं. वेगवेगळंच फिरायचं तर जोडीने आलात कशाला? आणि बाईमाणूस एकटी, सेफ्टीचं काय? आम्ही परत येऊन आता बरेच दिवस झाले, पण घरच्या ग्रुपवर हा वाद अजून सुरूच आहे.

सेफ्टीच्या मुद्द्याने माझं डोकं फिरतं. सकाळी अकराला महालातल्या बडकस चौकात बायका एकट्याच असतात. भाजी घेतात, बँकेत जातात, पोरांना शाळेत सोडतात, आजारी सासऱ्यांची औषधं आणतात. तेव्हा कोणालाच सेफ्टी आठवत नाही. म्हणजे हरकत एकटीने जाण्याला नाहीच, काम नसताना जाण्याला आहे. बाईने बाहेर पडावं, पण कोणाच्या तरी कामासाठी. नुसतं बघायला जायचं तर सोबत नवरा हवा.

इकडे प्रौढ माणसाला प्रौढ समजतात. बेल्जियममधल्या गेंटला गेलो तेव्हा नवरा कालव्याकाठी पुस्तक घेऊन बसला, मी दिवसभर गल्ल्या पालथ्या घातल्या आणि संध्याकाळी जेवायला भेटलो. हॉटेलच्या बाईला त्यात विचारण्यासारखं काहीच वाटलं नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं, तर "तुमच्याकडे चालते, आमच्याकडे नाही चालत" असं उत्तर आलं. तुमच्याकडे! मी नागपुरात जन्मले, बारावीपर्यंत तिथेच शिकले. माझं गाव कधीपासून तुमचं एकट्याचं झालं?

एकटी का गेले ते नीट सांगते. नवरा पुण्याचा. वाईट काही बोलत नाही, पण शनिवारवाड्याचं नाव काढतो आणि मी नागपूरची वकिली सुरू करते. हे शहर भोसल्यांनी नाही वसवलं, देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, १७०२ च्या सुमारास वसवलं. रघूजी भोसले त्यानंतर आले. इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ ची. १८५४ साली डलहौसीने वारस नाही म्हणून राज्य खालसा केलं. हे सगळं सांगताना माझं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे असतं. पटतंय का, कंटाळला का, ऊन लागतंय का. महालातून तासभर फिरून यावं आणि महाल पाहिलेलाच नसावा, असं होतं. माझं माझ्या नवऱ्यावर प्रेम आहे, आणि तो बाजूला असला की मला माझं गाव दिसत नाही. या दोन गोष्टींत काय विसंगती आहे, हे मावशीने मला सांगावं.

एकटी होते म्हणून एका वाड्याच्या ओसरीपुढे बराच वेळ उभी राहिले. लाकडी खांब, खाली कमळ, वर केळफूल कोरलेलं. एका खांबावर लाइटचं मीटर ठोकलंय, त्याच्या खिळ्याने केळफुलाची एक पाकळी उभी चिरलीय. भोसल्यांचा जुना राजवाडा, त्याच्या सगळ्या कोरीव लाकूडकामासकट, १८६४ साली जळाला. मोठा दरवाजा तेवढा वाचला. म्हणजे त्या राजवाड्यात काय असेल याचा अंदाज घ्यायला आता असे खांबच उरलेत, आणि त्यांवर आपण मीटर ठोकतो. उट्रेख्तला १६७४ च्या वादळात डोमकेर्क या जुन्या चर्चचा मधला भाग कोसळला. तो कुठवर होता ते चौकाच्या फरसबंदीत वेगळ्या दगडांनी आखून ठेवलंय. मी रोज त्यावरून सायकल नेते. आपल्याकडे निदान एक पाटी लावायला काय हरकत आहे?

तेवढ्यात ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या आजींनी विचारलं, "कोणाकडची गं तू?"

माझ्या आजीचं घर मागच्याच गल्लीत होतं. ते विकलं, तिथे आता फ्लॅट झालेत. मी आजोबांचं आडनाव सांगितलं. आजींनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "हो, होते ते." बस. पुन्हा तांदळाकडे वळल्या. मला रडू यायला लागलं म्हणून मी तिथून निघाले. उट्रेख्तला इतकी वर्षं राहते, कोणाकडची असं मला कोणीही विचारलेलं नाही. हेच स्वातंत्र्य म्हणून मी मावशीला ऐकवत असते. ते स्वातंत्र्य आहेच, आणि मला ते सोडायचं नाही. पण त्या प्रश्नासाठीही मी महालात गेले होते. नवरा सोबत असता तर आजींनी त्याला विचारलं असतं, तुम्ही कुठले.

आणि मावशी? तिचं सगळं आयुष्य शेजारच्या इतवारी भागात गेलं. महालातल्या गांधीगेटखालून ती किती वेळा गेली असेल! त्या कमानीला पूर्वी जुम्मा दरवाजा म्हणत, हेही तिला ठाऊक आहे. पण ती तिथे थांबून वर बघत उभी राहिलीय, असं कधी झालं नाही. घरी दूध उतू जाईल, कोणी वाट बघत असेल. मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवून जाळतात तो मोठा पुतळा; तिची मिरवणूकसुद्धा मावशीने दरवर्षी गच्चीवरूनच पाहिली. काळी मारबत म्हणजे बाकाबाई, इंग्रजांशी संधान बांधलेली राणी, ही गोष्ट मला लहानपणी तिनेच सांगितली होती.

पोळ्याला मी परत येणार आहे. नवराही येईल. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मारबती निघतील तेव्हा मी खाली रस्त्यावर, गर्दीत असेन. मावशीला मी ग्रुपवर नाही, वेगळा फोन करून सांगितलंय की स्वयंपाक जावई करतील, तू ये.