पेल्यातल्या बर्फावरून समुद्र मोजता येत नाही

“पेल्यातला बर्फ वितळला तरी पाणी वर चढत नाही, मग ध्रुवांवरचा बर्फ वितळून समुद्र कसा वाढेल? गेट वे ऑफ इंडिया आहे तिथेच आहे, मुंबई तुंबते ती गटारांमुळे. आणि इतक्या उंचावरच्या कोल्हापूरकरांना त्याचे काय?” अशा आशयाचा मजकूर सध्या आपल्याकडे मोबाइलवरून फिरतो आहे. सलग वाचताना तो पटतो, एकेक विधान सुटे करून पाहिले की टिकत नाही.

पेल्याचे उदाहरण तरंगत्या बर्फापुरते बरोबर आहे. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकावरचा बहुतेक बर्फ मात्र जमिनीवर साठलेला आहे. तो समुद्रात येणे म्हणजे पेल्यात बाहेरून पाणी ओतणे. एकट्या ग्रीनलंडचा सारा बर्फ वितळला, तर जगभरचा समुद्र सुमारे 7 मीटरने चढेल, अर्थात त्याला शतकानुशतके लागतील. शिवाय तापलेले पाणी प्रसरण पावते आणि आजवरच्या वाढीत या प्रसरणाचा वाटा मोठा आहे, हे त्या मजकुरात येतच नाही.

गेट वे 1924 पासून जागच्या जागी आहे, हे खरेच. पण 1901 ते 2018 या काळात समुद्राची जागतिक सरासरी पातळी सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली, आणि मुंबईत मोठ्या भरतीचे पाणी साडेचार मीटरच्या वर जात असताना एवढा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो भरतीमापकावर आणि उपग्रहांच्या नोंदींत दिसतो. 2006 ते 2018 मध्ये वाढीचा वेग वर्षाला सुमारे 3.7 मिलिमीटर होता, म्हणजे आधीच्या दशकांपेक्षा जास्त.

गटारांचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो अधिक फसवतो. तुंबलेले नाले आणि मिठी नदीवरची अतिक्रमणे यांचा दोष कोणी नाकारत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी मोठी भरती होती. मुंबईच्या अनेक पर्जन्यवाहिन्यांची तोंडे भरतीच्या पातळीखाली असल्याने त्या वेळी पाणी आपोआप बाहेर पडत नाही, हाजीअलीसारख्या ठिकाणी ते पंपांनी उपसावे लागते. हे कोल्हापूरकरांना समजावून सांगण्याची गरज पडू नये. नृसिंहवाडीला, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथे कृष्णेला फूग आली, म्हणजे तिचे पाणी फुगले, की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, आणि पाऊस उघडला तरी कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी लवकर उतरत नाही. मुंबईच्या नाल्यांपुढे समुद्र हीच कृष्णा आहे. ती कायमची थोडी उंचावली, तर कितीही नालेसफाई केली तरी पाणी निघायला कमी वेळ मिळेल.

राहिला आपला प्रश्न. समुद्र कोल्हापुरात येणार नाही, आणि पंचगंगेच्या पुराला वाढलेली समुद्रपातळी कारणीभूत आहे, असे म्हणणेही चुकीचे ठरेल. मात्र ज्या तापमानवाढीने समुद्र चढतो, तिनेच हवेची बाष्प धरण्याची क्षमता दर अंशामागे सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, आणि गगनबावडा, राधानगरीवर कोसळणारे ढग अरबी समुद्रावरूनच येतात. 2019 आणि 2021 मध्ये पंचगंगेने 43 फुटांची धोका पातळी कितीतरी मागे टाकली. तेव्हा पूररेषेच्या आत नवी बांधकामे मंजूर होत असताना ती रेषा कोणत्या काळातल्या पावसावरून आखली आहे, हे आपण महापालिकेला विचारले पाहिजे.