पागडीचा भाडेकरू

आमच्या ऑफिसच्या सर्व्हरवर एक जुना भाडेकरू होता. नाव एसएमबी-वन. सर्व्हरवरच्या फायली नेटवर्कवरून इकडेतिकडे पोचवायच्या, एवढंच त्याचं काम. घराणं १९८३ सालचं, आयबीएमचं. म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठं. नातवंडं, म्हणजे एसएमबी-टू आणि थ्री, कामाला लागून जमाना झाला, तरी हा म्हातारा ४४५ नंबरच्या दारात त्यांच्या शेजारी खाट टाकून पडलेला. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस याच्याच भोकातून पसरला आणि ब्रिटनमधल्या इस्पितळांना ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच कडी, म्हणजे ते भोक बुजवणारा अपडेट, पाठवली होती. आम्ही ती लावली होती, पण म्हातारा आत तसाच.

काढायचं ठरवलं. तेही शिस्तीत. आधी पाहणी लावली: कोण याला भेटायला येतं, त्याची नोंद ठेवायची. चार दिवस नोंदवही कोरी! बेवारस, म्हटलं. एका ओळीची आज्ञा, एंटर, काम तमाम. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

ते चार दिवस जोडून आलेल्या सुट्टीचे होते, हे सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी लक्षात आलं.

"अहो, मशीनमधून स्कॅन जात नाहीये," अकाउंट्सच्या मॅडम फोनवर. "तुम्ही काही केलंत का?"

"नाही हो, काहीच नाही." (हे वाक्य आमच्या धंद्यात तोंडातून आपोआप निघतं.)

"आज वीस तारीख आहे. जीएसटीचं रिटर्न आहे. नव्वद बिलं स्कॅन करायचीत."

खाली जाऊन पाहिलं. कोपऱ्यातलं ते झेरॉक्स मशीन, कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, अख्ख्या ऑफिसात म्हाताऱ्याचं एकटंच नातेवाईक निघालं. नव्या भाषेतलं त्याला एक अक्षर कळत नव्हतं. मशीनचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, नवं मिळेल का म्हणून सर्व्हिसवाल्याला फोन केला, तर तो हसला. "साहेब, त्या मॉडेलचा रोलरसुद्धा आता मिळत नाही, तुम्ही फर्मवेअर कुठं मागताय?"

मॅडम खुर्ची ओढून माझ्याकडे बघत बसल्या होत्या. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

म्हाताऱ्याला परत बोलवायचं नाही, हा माझा हट्ट. मग तोडगा काढला. मशीनला यूएसबीचं भोक होतं. स्कॅन पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि शिपाईमामांनी तो मॅडमच्या पीसीला नेऊन लावायचा. मामा खूश, चाळीस फेऱ्या झाल्या. रिटर्न पावणेसहाला गेलं. नेटवर्क सुरक्षित, म्हणून मी निवांत घरी.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा अँटिव्हायरस लालबुंद. पेनड्राइव्हवर स्कॅनच्या जागी नुसते शॉर्टकट.

"मामा, हा पेनड्राइव्ह कुठला?"

"माझाच की. चौकातल्या सायबर कॅफेत आधारची प्रिंट काढायला ठेवलाय."