लिलीला जाचते ती कोकणातली रात्र

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. एशियाटिक लिली (कंदापासून वाढणारे फूलझाड) कोकणपट्टीत वर्षानुवर्षे टिकत नाही, हे माझे विधान आपल्याला अवाजवी वाटले. आपल्या बाल्कनीत ती फेब्रुवारीत फुलली, निलगिरीत तर लिली रानात उगवते, आणि दुपारी शेडनेट (सावलीची जाळी) लावले की प्रश्न मिटतो, असे आपण म्हणता. पहिले दोन दाखले खरे आहेत; तिसरे विधान मात्र त्यांतून निघत नाही.

आपल्याकडे विकले जाणारे बरेचसे कंद हॉलंडचे असतात, आणि पहिल्या वर्षीचे फूल तिकडे साठवलेल्या अन्नावर व शीतगृहात मिळालेल्या थंडीवर येते. खरी परीक्षा फुले गळाल्यावर सुरू होते. पुढचे काही आठवडे पानांनी अन्न तयार करून कंद पुन्हा भरायचा असतो, आणि नेमका तेव्हाच मुंबईत रात्रीचा पारा चढत चढत मे महिन्यात २७ अंशांच्या आसपास पोहोचतो. दिवसा कमावलेले बरेचसे अन्न अशा उष्ण रात्री श्वसनातच खर्ची पडते. शेडनेटने दुपारचे ऊन टळते, पण रात्र गार होत नाही. उलट सावली दाट झाली तर पानांची कमाईच घटते.

त्यात जून येतो. कांद्याला असते तशी कागदी साल लिलीच्या कंदाला नसते, त्यामुळे पाणी साचताच कंदाच्या उघड्या खवल्यांना, म्हणजे एकमेकांवर बसलेल्या जाड पापुद्र्यांना, बुरशी धरते. मेअखेरीस माती उकरून पाहा: खवले पांढरे आणि टणक हवेत, बुडाशी तपकिरी पडून बोट लावताच सुटे होत असतील, तर तो कंद गेला.

निलगिरीची लिली उंच डोंगरांवरची आहे. उटी सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे आणि तिथे मे महिन्यातही रात्री स्वेटर लागतो, त्यामुळे केवळ दक्षिणेकडचे ठिकाण म्हणून तो दाखला कोकणाला लागू पडत नाही.

किनाऱ्यावर लिलीच हवी असेल, तर जपानच्या र्‍युक्यू बेटांवरची पांढरी ईस्टर लिली निवडावी. दमट हवा ती त्यातल्या त्यात सोसते. पाने वाळल्यावर, पावसाआधीच, कंद काढून किंचित ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात), भोके पाडलेल्या पिशवीत ठेवावेत. पाऊस ओसरत आला की लागवडीपूर्वी सहा आठवडे ती पिशवी फ्रीजमधल्या भाजीच्या कप्प्यात ठेवावी. त्या कप्प्यात सफरचंदे किंवा केळी मात्र नकोत, कारण पिकत्या फळांतून निघणारा इथिलीन वायू कंदातल्या कोंबाला बाधतो.